अडलं की लॅपटॉप मिटून ठेवतो

"हौसेनं प्रोग्रॅमिंगचा बॅज घेतला आणि आता जरा अडलं की लॅपटॉप मिटून उठतो. त्याचं डोकं त्या बाजूला चालतच नाही का?" अमेरिकेत राहणाऱ्या एका आईनं ऑनलाइन भेटीत मला हे विचारलं. थोड्याफार फरकानं हीच काळजी बऱ्याच पालकांना असते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते.

मुलगा आठवीतला, स्काउट गटातला. तिथे एखाद्या विषयाच्या ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की त्या विषयाचा बॅज मिळतो. प्रथमोपचार, पोहणं असे बॅज त्यानं पटापट मिळवले होते. प्रोग्रॅमिंगसाठी पायथॉन या संगणकाच्या भाषेत अंक ओळखायचा खेळ घेतला. संगणक १ ते १० मधला एक अंक मनात धरणार, आपण तो ओळखायचा. पण काहीही टाकलं तरी उत्तर यायचं, 'चूक'. दहाच्या दहा अंक टाकून झाले, तरी चूकच! वडील सॉफ्टवेअरमध्ये. रात्री त्यांनी पोराच्या खांद्यावरून वाकून एका ओळीत एक शब्द घातला आणि खेळ चालू झाला. त्यानंतर मुलानं तो खेळ उघडलाच नाही. घरी याला आळस म्हणत होते. मला तो आळस वाटला नाही. खेळ आता बाबांचा झाला होता.

मी त्याला म्हटलं, "बाबांनी घातलेला शब्द काढून टाक आणि मला सांग काय होतंय. मला यातलं काही कळत नाही." हे नाटक नव्हतं, खरंच कळत नाही.

"मी ७ टाकतो, त्याच्याकडेही ७ आहे, तरी तो चूक म्हणतो."

"त्याच्याकडे ७ आहे हे तुला कशावरून कळलं?"

तो थबकला. मग एक ओळ घालून त्यानं दोन्ही गोष्टी पडद्यावर छापून घेतल्या. ७ आणि ७. आता तर तो चिडलाच. "दिसायला सारखे आहेत, पण प्रकार एकच आहे का?" हे मी विचारलं नाही, तोच पुटपुटला. पुन्हा एक ओळ. एक निघाला मजकूर, दुसरी संख्या. पायथॉन कीबोर्डवरून आलेलं सगळं मजकूर म्हणूनच घेतं आणि मजकुरातला ७ संख्येतल्या ७ च्या बरोबरीचा मानत नाही. वडिलांच्या त्या शब्दानं मजकुराची संख्या होत होती, इतकंच. तो शब्द त्यानं पुन्हा घातला, या वेळी स्वतः.

स्काउटांचा हा बॅज २०१३ साली सुरू झाला. त्याच्या अटी मी त्या आईला पुन्हा वाचायला लावल्या, कारण बहुतेक पालकांना वाटतं की मुलानं कोऱ्या पडद्यावर सगळं स्वतः लिहायचं आहे. तसं नाही. नमुन्याचा प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात बदल करायचा, चुका काढायच्या, चालवून दाखवायचा. असं तीन वेगवेगळ्या भाषांत. शिवाय आत काय येतं, त्यावरून निर्णय कसा होतो आणि बाहेर काय पडतं, हे बॅजच्या मार्गदर्शकाला समजावून सांगायचं. वडिलांनी दुरुस्त केलेला प्रोग्रॅम नेमका इथेच अडला असता.

सगळ्यात जड गेलं ते वडिलांना. "चूक समोर दिसत असताना गप्प बसायचं?" हो, बसायचं. फार तर एवढं विचारा, "काय होईल असं वाटलं होतं आणि झालं काय?" उत्तर माहीत असलेल्या माणसानं हा प्रश्न खोचक सुरात विचारला, तर मात्र न विचारलेला बरा.

मुलगा सगळ्याच गोष्टींतून अंग काढून घेत असेल, मित्र टाळत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर प्रश्न बॅजचा नाही. तेव्हा वेगळं भेटावं. इथे तसं काही नव्हतं.

पुढचा प्रोग्रॅम त्यानं स्क्रॅच या दुसऱ्या भाषेत केला. तिसरा अजून राहिलाय, कारण मध्येच फोटोग्राफीच्या बॅजनं त्याला भुरळ घातली. "अर्धवट सोडू द्यायचं?" असा आईचा पुन्हा फोन. सोडू द्या म्हटलं. त्यांच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांचा होईपर्यंत बॅज पुरा करता येतो, आणि हा आत्ता कुठे तेरा वर्षांचा आहे.