पहाऱ्याचं गणित

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा वाचली. डोंगरावरचं ठाणं, आठ सैनिक आणि कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसलेला शत्रू. आधी वाचलेल्या दोघांनी "यात काही घडतच नाही" असं म्हटलं, म्हणून तू चाळिसाव्या पानावर एक चकमक घातलीस. ती काढ. तिच्यामुळे आधीची चाळीस पानं नुसती प्रस्तावना ठरतात, आणि नंतर प्रेक्षक वाट पाहत बसतो ती पुढच्या चकमकीची. सैनिकांसोबत वाट पाहणं तिथेच संपतं.

वाचणाऱ्यांना कंटाळा आला हे मात्र खरं आहे, आणि त्याचं कारण पटकथेतच आहे. तुझे सैनिक कंटाळले आहेत हे तू संवादांतून पुन्हा पुन्हा सांगतोस. ते वेळ कशात मोजतात, ते कुठेच दिसत नाही. वाट पाहणारा माणूस सतत काहीतरी मोजत असतो. ते माप हाती लागलं की प्रेक्षकही त्याच्याबरोबर मोजायला लागतो.

'जर्नीज एंड' हे १९२८ चं नाटक घे. त्यावर १९३० साली आणि पुन्हा २०१७ साली चित्रपट निघाले. मार्च १९१८, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिशांचा खंदक, जर्मन हल्ला येणार हे सगळ्यांना माहीत. नाटकातला एक अधिकारी कागदावर १४४ छोटी वर्तुळं काढतो. आघाडीवरचे सहा दिवस गुणिले चोवीस तास. तास सरला की एक वर्तुळ काळं करायचं. सगळी वर्तुळं भरण्याआधीच २१ मार्च उजाडतो. त्याच नाटकात सूपमध्ये मिरपूड नाही यावरून होणारी तक्रार हल्ल्याच्या बातमीइतक्याच गांभीर्याने केलेली आहे. भीती थेट बोलता येत नाही, म्हणून ती मिरपुडीवर निघते. तुझे सैनिक भीतीबद्दल फार थेट आणि फार नीट बोलतात.

मापाचं दुसरं उदाहरण 'दास बोट' (१९८१) मधलं. जर्मन पाणबुडी, सुमारे ६७ मीटर लांब, आत पन्नासच्या आसपास माणसं. शौचालयं दोन, पण मोहीम सुरू होते तेव्हा त्यांतलं एक अन्नसाठ्याने भरलेलं असतं. म्हणजे सगळे एकाच शौचालयासमोर रांगेत. जसजसा साठा संपतो तसतसे मोहिमेचे दिवस डोळ्यांना दिसत जातात. पाव बुरशी धरतो, टांगलेलं खाणं कमी होतं, जागा मोकळी होत जाते. 'तीन आठवड्यांनंतर' असली पाटी लावण्याची गरजच उरत नाही. तुझ्या ठाण्यावर असं काय आहे? पाण्याचे डबे, डिझेलची पिंपं, वाळूच्या पोत्यांची भिंत? एक वस्तू निवड. ती दर दहा पानांनी दिसली पाहिजे, आणि दर वेळी तिचं प्रमाण बदललेलं असलं पाहिजे.

आता पहाऱ्याकडे ये. सगळ्यात जास्त नाट्य तिथे आहे आणि तू ते दोन ओळींत उडवलं आहेस. कागद घे आणि तक्ता मांड. संध्याकाळी ७ ते पहाटे ५ असा दहा तासांचा अंधार. एका वेळी दोघं पहाऱ्यावर, पाळी दोन तासांची. म्हणजे पाच पाळ्या, दर पाळीला दोन माणसं, एकूण दहा हजेऱ्या. माणसं आठ. दोघांना रात्रीतून दोनदा उठावं लागणार. कोण उठणार? तुकडीप्रमुख स्वतः पहारा देत नसेल तर माणसं सात आणि दोनदा उठणारे तीन. एक जण तापाने आडवा पडला की माणसं सहा आणि दोनदा उठणारे चार. शिवाय सगळ्या पाळ्या सारख्या नसतात. ७ ते ९ ची पाळी सगळ्यांना हवी असते, कारण नंतर सलग झोप मिळते. ११ ते १ आणि १ ते ३ या पाळ्या झोपेचे दोन तुकडे करतात. ३ ते ५ वाला पहारा संपवून आडवा होऊच शकत नाही, कारण पहाट फुटायच्या आधी सगळ्या ठाण्याला 'स्टँड टू' असतो, प्रत्येकाने शस्त्र घेऊन आपल्या जागी उभं राहायचं. हा तक्ता भिंतीवर लाव. त्यात कुणाच्या नावापुढे सलग तिसऱ्या रात्री १ ते ३ येतंय ते बघ. तुझं भांडण तिथे आहे. हे भांडण कुणाच्या वाईट स्वभावातून येत नाही, भागाकार नीट बसत नाही म्हणून येतं. त्यामुळे दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

'जारहेड' (२००५) या आखाती युद्धातल्या अमेरिकी मरीन सैनिकांवरच्या चित्रपटात मधली मोठी दुर्घटना याच वाटेने येते. नाताळची रात्र, नायकाचा पहारा, तो दुसऱ्या एका सैनिकाला आपल्या जागी उभं करतो आणि स्वतः दारू पितो. बदली पहारेकरी काहीतरी भाजायला जातो, तंबू पेटतो, प्रकाशगोळ्यांची पेटी भडकते. शिक्षा नायकाला. त्याचा हुद्दा जातो आणि शौचालयाच्या पिंपांतला मैला डिझेल टाकून जाळायचं काम गळ्यात येतं. शत्रूचा यात कुठेही हात नाही. पाळीची एक अदलाबदल पुरली. तुझ्या चाळिसाव्या पानावर चकमकीच्या जागी असली एखादी घटना हवी, जी वाट पाहण्यातूनच उगवते.

आता पुनरावृत्ती. कंटाळा दाखवायचा म्हणून तू रायफल साफ करण्याचं दृश्य पाच वेळा लिहिलं आहेस आणि पाचही वेळा ते तेच आहे. ते तीनदा ठेव आणि पहिल्यांदा पूर्ण दाखव, दीड मिनिटभर, शक्यतो एकाच शॉटमध्ये. मॅगझिन काढणं. बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेत, गोळी नाही हे डोळ्यांनी बघणं आणि बोटाने चाचपणं. मग भाग सुटे करणं, चेंबरच्या बाजूने नळीत चिंधी घालून तोंडाकडून बाहेर काढणं, तेलाचा पातळ हात. पातळच, कारण वाळूच्या प्रदेशात जास्त तेल लावलं तर त्यावर धूळ चिकटून लगदा होतो आणि बोल्ट अडकतो. मग जोडणी आणि शेवटी चाप ओढून तपासणी. दुसऱ्यांदा हेच चाळीस सेकंदांत, गप्पा मारत, हात आपोआप चालताहेत. तिसऱ्यांदा दहा-बारा सेकंद, आणि या वेळी तो चेंबर बघत नाही. सरळ पुढे जातो. पहिल्या वेळी क्रम शिकलेला प्रेक्षक इथे श्वास रोखतो. गोळी सुटलीच पाहिजे असं नाही. न सुटलेली बरी. मात्र शेजारच्या एकाने ते पाहिलेलं असू दे आणि तो काही बोलला नाही, एवढं पुरे. पुढची वीस पानं ते प्रेक्षकाच्या मनात राहतं. पण पहिली वेळ तू घाईत उरकलीस तर तिसऱ्या वेळी काय चुकलं ते कुणालाच कळणार नाही.

संगीतावर चढवलेली तुकड्यांची माळ, म्हणजे मोंताज, तू तीन ठिकाणी वापरली आहेस. दोन काढ. मोंताजमध्ये वेळ पळतो. प्रेक्षकाला हायसं वाटतं आणि दोन महिने सरल्याची नुसती माहिती मिळते. वाट पाहण्याच्या चित्रपटात हे उलटं काम करतं. त्याऐवजी एकच दुपार घे आणि तिला चार पानं दे.

कवायतीचे आकडे खरे ठेव. रासायनिक हल्ल्याचा इशारा झाला की मुखवटा चढवून हवाबंद झाल्याची खात्री करायला ९ सेकंद, ही शिकवलेली मर्यादा आहे. तुझ्या दृश्यात पात्रं आरामात वीस सेकंद घेतात. ९ सेकंद न कापता दाखव. आखाती युद्धात अमेरिकी सैनिकांना विषारी वायूपासून बचावासाठी पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या दिल्या होत्या, ३० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. दिवसाचे तीन तुकडे पाडणारं असं माप आयतं मिळालं तर सोडू नकोस. तुझ्या ठाण्यावर ते मलेरियाच्या गोळीचं असेल किंवा वायरलेसवर ठरलेल्या वेळी द्यायच्या हजेरीचं. वायरलेसची हजेरी जास्त चांगली, कारण एक दिवस पलीकडून उत्तर येत नाही हे दाखवता येतं.

अफवेलाही प्रवास हवा. तुझ्याकडे एक जण येऊन "मंगळवारी हल्ला आहे" असं सांगतो आणि सगळे ऐकतात. चार तोंडांतून फिरव. ट्रकचा चालक स्वयंपाक्याला म्हणतो की पुढच्या ठाण्यावर जादा रक्तपिशव्या गेल्या. स्वयंपाकी सांगतो, इस्पितळ उभं राहतंय. तिसरा म्हणतो, मंगळवार. चौथ्यापर्यंत ते "आपली बदली होणार" असं पोचतं. प्रत्येक जण त्यात आपल्याला हवं ते भरतो, त्यामुळे पात्र ओळखायला अफवेइतकं चांगलं साधन नाही.

पत्रांच्या बाबतीत एकच सांगतो. पत्र तीन आठवड्यांनी पोचतं हे धरलंस, तर सैनिकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला सहा आठवडे लागतात. मधल्या काळात आलेली पत्रं तो प्रश्न पोचण्याआधी लिहिलेली असतात, हसरी आणि निर्धास्त. ती वाचणारा चेहरा दाखव. प्रेयसीने सोडून दिल्याचं पत्र इतक्यांदा येऊन गेलं आहे की आता ते लागत नाही.

आता जिथे तू कचरलास तो भाग. तुझे सैनिक लढाई टळावी असंच म्हणतात, सगळे, सतत. हे खरं वाटत नाही. महिनोन् महिने ज्या कामासाठी माणसाला घडवलं ते काम करायला मिळावं असं त्याला वाटतं, आणि त्याच वेळी मरायची भीतीही वाटते. 'जारहेड'मध्ये मरीन सैनिक 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) मधलं हेलिकॉप्टर हल्ल्याचं दृश्य बघत आरोळ्या ठोकतात, त्यातल्या संगीताबरोबर गातात. युद्धाचं वेड दाखवणारा चित्रपट त्यांना लढायची भूक लावतो. वॉल्टर मर्च हे 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या संकलकांपैकी एक, आणि 'जारहेड'चे संकलकही तेच. 'रेस्ट्रेपो' (२०१०) हा माहितीपट अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यातल्या छोट्या ठाण्यावरचा. तिथे तुकडीची नेमणूक १५ महिन्यांची होती. त्यातली कुस्ती, नाच आणि खोदकाम नीट बघ. लढाईची ही भूक दाखवताना पात्राला वाईट ठरवू नकोस आणि त्याची बाजूही घेऊ नकोस. त्याला फक्त ते वाटू दे.

शेवटाबद्दल. लढाई येणार की नाही हे आधी ठरव, कारण दोन्ही रस्त्यांची बांधणी वेगळी आहे. 'जारहेड'मधले सैनिक साधारण सहा महिने वाळवंटात थांबतात आणि जमिनीवरची लढाई १०० तासांत संपते. नायक निशाणबाज. त्याला एकदाच लक्ष्य मिळतं, बोट चापावर जातं, आणि वरचा अधिकारी येऊन थांबवतो, कारण आता विमानं ते काम करणार असतात. त्याचा साथीदार एका गोळीसाठी गयावया करतो. वाट पाहण्याचा हिशेब इथे चुकता होतो, एकही गोळी न झाडता. 'द डेझर्ट ऑफ द टार्टर्स' (१९७६) मध्ये अधिकाऱ्याचं आयुष्य किल्ल्यावर शत्रूची वाट बघण्यात जातं, आणि शत्रू खरोखर येतो तेव्हा त्याला आजारी म्हणून तिथून हलवतात. 'मिस्टर रॉबर्ट्स' (१९५५) मध्ये मालवाहू जहाजावर कुजणारा अधिकारी धडपड करून लढाऊ जहाजावर जातो, आणि त्याचा मृत्यू पत्रातून कळतो. लढाई पडद्यावर येतच नाही. तिन्ही ठिकाणी पात्राला हवी असलेली गोष्ट येते, पण चुकीच्या वेळी किंवा दुसऱ्याच्या हाती. तुझ्या शेवटच्या पानावर नुसता युद्धविरामाचा संदेश येतो. तो येऊ दे, पण त्या क्षणी कोण पहाऱ्यावर आहे आणि कुणाची पाळी अर्धी राहिली आहे ते लिही.

चित्रीकरणाचं थोडक्यात. शक्य असेल तर क्रमाने चित्रित कर, 'दास बोट'प्रमाणे. दाढी, नखं, विटलेला गणवेश आणि माणसांमधला बेबनाव आपोआप जुळतो. क्रम पाळता आला नाही तर प्रत्येक पात्राच्या दाढीचा आणि बुटांचा दिवसवार तक्ता ठेव, नाहीतर संकलनाच्या टेबलावर विसाव्या दिवसाचा माणूस तिसऱ्या दिवसासारखा दिसेल. प्रत्येक जागेचा नुसता आवाज, माणसांशिवाय, पहाटे, भर दुपारी आणि मध्यरात्री किमान तीन-तीन मिनिटं ध्वनिमुद्रित करून ठेव. जनरेटर बंद पडल्यानंतरची शांतता वेगळी घे, तुला ती नक्की लागेल.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पहाऱ्याचा तक्ता सोबत जोड, चौदा रात्रींचा, नावांसकट. मी आधी तो वाचेन.