नाताळातला 'ळ' आणि देहधारणातलं 'धारण'

प्रश्न असा आहे: "नाताळ हा शब्द मराठीत कुठून आला? देव माणूस होऊन आला असं ख्रिस्ती लोक मानतात, तर ते सरळ 'अवतार' का म्हणत नाहीत? 'देहधारण' हा जड शब्द कशासाठी? आणि मराठीत शुभेच्छा लिहिताना नाताळ लिहावं की ख्रिस्तजयंती?"

पहिला आणि शेवटचा प्रश्न सोपा आहे. मधला मात्र सोपा नाही, आणि या सणाचा सगळा अर्थ त्यातच आहे.

'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. त्याच्यामागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. शेवटच्या ल चा ळ कसा झाला, तर पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या अखेरीचा ल जिभेचा मागचा भाग वर उचलून, जाडसर म्हणतात. मराठी-कोकणी कानाला तो ळ च्या जवळचा वाटतो. 'ओस्पिताल'चं 'इस्पितळ' झालं ते याच वाटेने. फ्रेंच 'नोएल' आणि इटालियन 'नाताले' ही याच घरातली भावंडं. गांधीजींच्या चरित्रात 'नाताळ इंडियन काँग्रेस' भेटते, तिथला नाताळही हाच. वास्को द गामाचं जहाज १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याजवळून चाललं होतं, म्हणून किनाऱ्याला हे नाव पडलं.

या शब्दात एक गंमत आहे. जुन्या रोमन चर्चच्या लॅटिनमध्ये हुतात्म्याचा 'नातालिस' म्हणजे त्याच्या मृत्यूचा दिवस, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला अशी समजूत. म्हणजे संतांचे सण बहुतेक पुण्यतिथ्याच. पृथ्वीवरच्या जन्माचे सण रोमन पंचांगात तीनच: येशूचा २५ डिसेंबरला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला आणि मरीयेचा ८ सप्टेंबरला.

नाताळ म्हणजे जन्म, एवढ्यावर थांबलं तर मात्र अर्थ अर्धाच हाती येतो. बायबलात येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं आहेत, ती शुभवर्तमानं; त्यांपैकी येशूच्या जन्माची गोष्ट फक्त मत्तय आणि लूक सांगतात. मार्क ती सांगतच नाही. चौथा लेखक योहान (बाप्तिस्मा करणारा नव्हे) ना गव्हाणीचं नाव घेतो, ना मेंढपाळांचं. तरीही नाताळच्या दिवसाच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वाचतात तो योहानाचाच पहिला अध्याय; लूकची गोष्ट मध्यरात्रीच्या मिस्सेला. योहानाचं वाक्य मराठी बायबलात असं आहे: 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' नाताळचा आध्यात्मिक अर्थ कुणी एका ओळीत विचारला तर ही ओळ दाखवावी. पण ती मराठी वाचकाला पटकन उघडत नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला मराठीत आधीपासूनच दुसरे अर्थ चिकटलेले आहेत.

'शब्द' म्हणजे ग्रीक 'लोगॉस'. आपल्याकडे शब्दब्रह्म आहे, तुकोबांनी शब्दालाच देव म्हटलं आहे, त्यामुळे वाक्याचा पहिला भाग ओळखीचा वाटतो. फरक असा की योहानाचा शब्द ही व्यक्ती आहे: आरंभापासून देवाबरोबर असलेला आणि स्वतः देव असलेला. सगळं ज्याच्याद्वारे झालं, तो स्वतः काहीतरी 'झाला' असं योहान म्हणतो. ग्रीक श्रोत्याला धक्का बसला असेल तो इथे.

तो काय झाला? मूळ शब्द 'सार्क्स'. ग्रीकमध्ये शरीराला 'सोमा' हा सभ्य शब्द होता, तो योहानाने घेतला नाही. सार्क्स म्हणजे मांस: दुखणारं, थकणारं, नासणारं. लॅटिनमध्ये ते 'कारो' झालं आणि त्यावरून इंग्रजीतला 'इन्कार्नेशन'. मराठी अनुवादकाने 'शब्द मांस झाला' असं लिहिलं असतं तर वाचकाला स्वयंपाकघर आठवलं असतं, म्हणून 'देही'. अडचण टळली, पण दुसरी उभी राहिली. गीतेच्या परंपरेत 'देही' म्हणजे देहात राहणारा आत्मा, देह नव्हे. शिवाय जुन्या मराठीत 'देहीं' म्हणजे 'देहात'. कीर्तनाला सरावलेला कान या ओळीतून 'परमात्मा शरीरात राहायला आला' एवढंच ऐकू शकतो. योहानाला त्याहून पुष्कळ जास्त म्हणायचं आहे: शब्द मांसात शिरला नाही, मांस झाला.

'वस्ती केली' हा मात्र नामी अनुवाद आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणं. इस्राएली लोक रानातून चालले असताना देवाचा निवास त्यांच्याबरोबर तंबूत होता, त्याची ही आठवण. मराठीत वस्ती म्हणजे लोकवस्तीही आणि रात्रीचा मुक्कामही. गावी वस्तीला राहणारी एस.टी. ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. 'निवास केला' लिहिलं असतं तर अर्थ चुकला नसता, पण तंबू हरवला असता.

आता 'अवतार'. व्युत्पत्ती पाहिली तर या शब्दात काहीच चूक नाही. अव + तॄ, खाली उतरणं. ख्रिस्ती श्रद्धासूत्रातही, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीतही, 'स्वर्गातून उतरला' असे शब्द आहेतच. अडचण येते ती रूढ अर्थाने, आणि ती चार ठिकाणी.

पहिली, संख्या. अवतार म्हटलं की दहा आठवतात, चोवीसही आठवतात. पुढचा यायचा आहे हेही आठवतं. ख्रिस्ती श्रद्धेत ही घटना एकदाच घडलेली आहे, कैसर औगुस्ताच्या काळात, हेरोद राजा असताना. तिची पुनरावृत्ती नाही. पुढे येणं आहे, पण तोच परत येणार आहे, नव्या रूपात नव्हे.

दुसरी, प्रमाण. आपल्याकडे अंशावतार, आवेशावतार, पूर्णावतार अशा पायऱ्या आहेत. ख्रिस्ती मताला पायरी चालत नाही: पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. ४५१ साली खाल्सेदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने याची व्याख्या केली ती चार नकारांनी. देवपण आणि माणूसपण एकाच व्यक्तीत आहेत, मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. 'कसं' हे परिषदेने सांगितलंच नाही. कुठे घसराल तेवढं सांगितलं. व्याख्या करायची ही रीत भाषेच्या माणसाला फार आवडण्यासारखी आहे.

तिसरी, खरेपणा. कोकणातल्या दशावतारी खेळात पहाटे रंग पुसला की राजा पुन्हा गावकरी होतो. सोंग उत्तम असतं, पण सोंगच असतं. अवताराकडे सगळे वैष्णव आचार्य असं बघतात असं मुळीच नाही. तरी 'लीला' आणि 'माया' हे शब्द अवताराच्या आसपास वावरतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात देह दिसण्यापुरता उरतो. येशूचा देह केवळ भास होता, असं म्हणणारे पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोकांतही निघाले होते. चर्चने ते मत मोडून काढलं, कारण देह भासाचा तर भूकही भासाची, रक्तही भासाचं, आणि क्रुसावरचं मरणही भासाचंच. मग तारण कुणाचं आणि कशाने?

चौथी सर्वांत कमी बोलली जाते. मराठीत अवतार संपतो. 'अवतारसमाप्ती', 'अवतारकार्य पूर्ण झालं' हे आपले नेहमीचे शब्दप्रयोग. ख्रिस्ती श्रद्धेत येशूने घेतलेलं माणूसपण संपलं नाही. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत आणि स्वर्गारोहणानंतरही तो माणूस आहेच. देवाने एकदा माणूसपण घेतलं ते परत टाकलं नाही. नाताळच्या आनंदाचं खरं कारण हे आहे.

(पाचवी अडचण गंमतीची. 'काय हा अवतार करून आलायस!' हे वाक्य ज्या भाषेत रोज घराघरांत म्हटलं जातं, तिथे हा शब्द पूजेच्या पुस्तकात घालताना हात जरा अडखळणारच.)

तरी 'अवतार' कोणी वापरलाच नाही असं नव्हे. मद्रासचे वेंगल चक्कराई यांनी १९२० च्या दशकात हाच शब्द येशूसाठी जाणूनबुजून घेतला, पण त्याला 'कायमचा' अशी अट घातली. म्हणजे शब्द चालवायचा तर त्याच्या मानगुटीवर विशेषण बसवावं लागतं.

'देहधारण' तरी निर्दोष आहे का? नाही. आपण 'धारण' करतो ते वस्त्र, शस्त्र, मौन, पद. म्हणजे जे उतरवताही येतं ते. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, ही गीतेतली उपमा आपल्याला तोंडपाठ, त्यामुळे 'देह धारण केला' म्हणताच ती जागी होते आणि देह पुन्हा कपडा होतो. पण 'धारण'ला दुसरंही अंग आहे: गर्भधारण. तिथे धारण म्हणजे अंगावर चढवणं नव्हे, आत वाढवणं, रक्तामांसाने पोसणं. देहधारण हा शब्द या दुसऱ्या अंगाने वाचला तर तो अगदी बरोबर बसतो, कारण श्रद्धेनुसार ती घटना मरीयेच्या उदरात घडली. चर्च तिचा दिवस २५ मार्चला पाळतं, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.

श्रद्धासूत्र रचणाऱ्यांना ही निसटती जागा दिसली असावी. ३२५ च्या निकेया परिषदेच्या सूत्रात ग्रीकमध्ये लागोपाठ दोन क्रियापदं आहेत: एक 'देहधारी झाला' या अर्थाचं, आणि लगेच दुसरं 'मनुष्य झाला'. पहिल्याने कपड्याचा गैरसमज होऊ शकला असता; दुसऱ्याने तो बंद केला. कॅथलिक चर्चमध्ये हे शब्द आले की एरवी मान लववतात. २५ डिसेंबर आणि २५ मार्च या दोन दिवशी मात्र गुडघे टेकतात. उपासनेत नाताळचं मर्म कुठे मानलं जातं ते पाहायचं असेल तर गव्हाणीपेक्षा इथे पाहावं.

म्हणून माझं मत: धर्मशास्त्राच्या लेखनात 'देहधारण' ठेवावा, त्याला तोड नाही, पण पहिल्यांदा वापरताना शेजारी 'देव खरोखर माणूस झाला' हे साधं मराठी लिहावं. 'अवतार' तुलना करतानाच वापरावा. 'मानवी रूप घेतलं' हा वर्तमानपत्री प्रयोग तर टाळावाच, कारण रूप घेणं म्हणजे पुन्हा सोंगाकडे जाणं.

याच्या आसपासच्या काही चुका डिसेंबरात हमखास छापून येतात. 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म, ही त्यांतली सर्वांत मोठी. तो शब्द मरीयेबद्दल आहे: ती स्वतः आपल्या आईच्या पोटात आली तीच मूळ पापाच्या, म्हणजे आदामापासून माणसाला चिकटलेल्या पापाच्या, डागाशिवाय, अशी कॅथलिक शिकवण. त्याचा सण ८ डिसेंबरला, पणजीच्या मोठ्या चर्चचं फेस्त असतं ते. ८ डिसेंबर ते ८ सप्टेंबर, म्हणजे मरीयेच्या जन्माच्या सणापर्यंत मोजा, नऊ महिने भरतात.

'तीन राजे' हे मत्तयात नाहीत. तिथे आहेत 'मागी', म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, आणि आकडा दिलेलाच नाही. भेटवस्तू तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन झाली. राजेपण नंतरचं. गोव्यातल्या रेइश मागूश या गावाच्या नावात 'रेइश' म्हणजे राजे आणि 'मागूश' म्हणजे हेच मागी, दोघे शेजारी बसले आहेत.

'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे: ग्रीक 'ख्रिस्तोस', हिब्रू 'माशियाह', मराठीत अभिषिक्त. 'येशू'चा अर्थ देव तारण करतो. आणि 'गोठा' लूकच्या मजकुरात नाही, फक्त गव्हाणी आहे. आपण 'उतारशाळा' म्हणतो त्या जागी लूकने वापरलेला ग्रीक शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी त्याने तोच वापरला आहे, आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या खाणावळवजा धर्मशाळेसाठी वेगळा. त्यामुळे निर्दय खाणावळवाल्याचं पात्र हे नाटकवाल्यांचं, लूकचं नव्हे.

राहिल्या शुभेच्छा. 'नाताळच्या शुभेच्छा' सर्वांना चालतं: गोवा, वसई, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), कॅथलिक, प्रोटेस्टंट. 'ख्रिस्तजयंती' मराठी ख्रिस्ती मंडळी स्वतः वापरतात, तेव्हा चूक म्हणता येत नाही. जिवंत माणसाचा वाढदिवस आणि गेलेल्याची जयंती हा मराठीतला भेद धरून कोणी कुरकुरलं तर दत्ताची आणि हनुमानाचीही जयंतीच असते, हे दाखवावं. हनुमान तर चिरंजीव. उपासनापत्रिकेत किंवा गंभीर मजकुरात 'ख्रिस्तजन्मोत्सव' शोभतो. 'मेरी ख्रिसमस' देवनागरीत लिहिलं की मेरी म्हणजे आई मरीया असा अर्थ लावणारे भेटतात. ते मूळ इंग्रजीत 'आनंदी' या अर्थाचं आहे.

आणि तारखेचं भान. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, जांभळ्या वस्त्रांचे, वाट पाहण्याचे. नाताळचा काळ सुरू होतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आणि मागींच्या सणापलीकडे जातो. त्यामुळे २७ तारखेला पोचलेलं शुभेच्छापत्र उशिराचं नसतं. १० तारखेचं मात्र लवकरचं असतं.