डिस्कचे बोल्ट: तेल पुसा, मग तापवा

तुम्ही लिहिलंय की बाइकच्या पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क बदलायला घेतली, सहापैकी चार बोल्ट निघाले, एक हलत नाही, एकाचं डोकं आतून गोल झालंय, आणि रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. तेलाचा इथे उपयोग नाही. आट्यांत गंज नाहीच, लॉक्टाइटसारखं थ्रेडलॉकर आहे, बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते. म्हणजे फटीत भरून कडक झालेलं प्लास्टिक. तेल शिरणार कुठून? उलट ते आधी पुसून काढा, कारण पुढचं काम उष्णतेचं आहे आणि तेल पेटतं. ब्रेक क्लीनरने पुसू नका. काहींत क्लोरीनवाले द्रव असतात, ते तापले की विषारी वायू तयार होतो. साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरे.

निळं थ्रेडलॉकर (२४३) साध्या पान्याने सुटतं. लाल (२७१) मात्र साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, गरम असतानाच फिरवावं लागतं. हे 'गरम असतानाच' मी पहिल्यांदा मनावर घेतलं नव्हतं. बोल्ट छान तापवला, चहा प्यायला गेलो, परत येऊन जोर लावला तर एलन की (खाचेत घालायची षटकोनी किल्ली) सुर्रकन फिरली. बोल्ट जागेवर, खाच गोल. तुमच्यासारखीच.

न हलणाऱ्या बोल्टच्या खाचेत जाड, शंभर वॅटच्या आसपासच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक घालून चार-पाच मिनिटं धरा. पंचवीस वॅटचं रेडिओ दुरुस्तीचं आयर्न नको, हब (चाकाचा मधला भाग, ज्यात हे बोल्ट बसतात) सगळी उष्णता खाऊन टाकतो. करपल्यासारखा वास येऊ लागला की लगेच एलन की घाला. गोल टोकाची नको, सरळ टोकाची, हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवलेली. हिसका न देता सावकाश दाब वाढवत न्या. 'कट्' आवाज येईल, मग बोल्ट कुरकुरत फिरेल. मध्येच जड झाला तर परत तापवा. हब अॅल्युमिनियमचा असतो, तो तापल्यावर पोलादी बोल्टपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, तेही आपल्याच फायद्याचं.

गोल झालेल्यात किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोका. ठोकताना हबखाली लाकूड असू द्या, चाक डिस्कवर टेकवू नका. बिट बसल्यावर आयर्न आत जाणार नाही, तेव्हा हीट गनला अरुंद तोंड लावा आणि बेअरिंगच्या सीलवर ओलं फडकं ठेवा. तरीही नाही निघाला तर डोकं ड्रिलने उडवा. डिस्क तशीही टाकायचीच आहे. ती उचलली की दांड्याचं चार-एक मिलिमीटर टोक वर राहतं, ते तापवून व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरून फिरवा. मला विचाराल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (अडकलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायच्या हत्याराच्या) भानगडीत पडू नका, तो आत तुटला तर ड्रिलही चालत नाही.

बसवताना आट्यांतला जुना चुरा त्याच मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हलक्या हाताने काढा, बोल्ट नवे घ्या, मॅन्युअलमध्ये वेगळं काही नसेल तर निळ्याचा एक थेंब. बाटली अर्धीच भरलेली दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. हे रसायन हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतं, म्हणून बाटलीत मुद्दाम हवा ठेवतात. टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, आणि गाडी चोवीस तासांनीच बाहेर काढा.