छोट्या छेदातून मणक्याचे ऑपरेशन: कधी करावे?

प्रश्न: वय ४२. महिन्याभरापासून कमरेतून डाव्या पायात कळ जाते. एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलेली दिसते. दुर्बिणीचे ऑपरेशन लगेच करावे का?

उत्तर: घाई नको. अशी कळ बहुतेकांना औषधे, व्यायाम आणि हिंडतेफिरते राहिल्याने ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही पायातली कळ असह्य असेल आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूची नस दबलेली दिसत असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. नुसती कंबरच दुखत असेल तर फारसा उपयोग होत नाही. निराशा बहुधा इथेच पदरी पडते.

ऑपरेशनमध्ये साधारण २ सेंटिमीटरच्या छेदातून नळी घालून नस दाबणारा गादीचा तुकडा काढतात. स्नायू हाडापासून सोडवण्याऐवजी बाजूला सारतात, त्यामुळे रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. पण छेद लहान म्हणून धोका शून्य होत नाही. नसांभोवतीचे आवरण फाटू शकते, उरलेली गादी पुन्हा सरकू शकते. मणका अस्थिर असेल तर स्क्रूही लागतात.

रोज टाचेवर चालून पाहा. पाऊल किंवा अंगठा उचलेनासा झाला तर लगेच सर्जनला दाखवा. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री इस्पितळ गाठा.