स्वतःच्या पायांनी

बाळा,

काल रात्री अकराला तू फोन करून विचारलंस, "काका, हॉकी सोडू का?" मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला, पण नंतर झोप लागली नाही. आता पहाटेचे पाच वाजलेत. मराठीत लिहितोय. आजीने तुला अक्षरं शिकवली आहेत. आईकडून वाचून घेऊ नकोस, अडखळत का होईना, स्वतः वाच.

तू चांगला खेळतोस का, हे मी सांगणार नाही. ते तुला माहीत आहे. मला राग आला तो तुझ्या प्रश्नाचा. अर्धा तास बोललास. त्यात कोच काय म्हणतो ते होतं, आई काय म्हणते ते होतं, अमेरिकेतल्या कॉलेजात जाणारा तुझा मित्र काय म्हणतो तेही होतं. तू कुठे होतास?

बाहेर पडायचं तर स्वतःच्या पायांनी पड. मला एवढंच सांगायचंय. पण नुसतं एवढं लिहून पाठवलं तर तू पुन्हा फोन करशील, म्हणून सविस्तर लिहितो.

मी 1977 मध्ये मॉन्ट्रियलला शिकायला आलो. त्याआधी खडकीत गवतावरची हॉकी खेळायचो. धनराज पिल्लेच्या कितीतरी आधीची खडकी ती. मीही तुझ्यासारखाच गोलकीपर. बर्फावरचा खेळ मला कळत नव्हता, पक, ती काळी रबरी चकती, तर दिसायचीच नाही. दिसायचा तो गोलातला उंच माणूस. खेळ पलीकडच्या टोकाला गेला की तो काठी बर्फावर उभी टेकवायचा, तिच्यावर हात आणि हातांवर हनुवटी ठेवून पाहत राहायचा. सबंध स्टेडियम ओरडत असताना हा एकटा विचार करतोय, असं वाटायचं. केन ड्रायडन, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर. त्याच्यामुळे मी हा खेळ शिकलो, आणि माझ्यामुळे तू.

त्याचा हिशेब तुला पाठ आहे: 397 सामने, त्यांतले फक्त 57 हरलेले, सहा स्टॅनले कप, म्हणजे सहा वेळा व्यावसायिक लीगचं विजेतेपद. त्यात मला पडायचं नाही. तो कुठून केव्हा उठून गेला, ते बघ.

1964 मध्ये त्याच्यावर व्यावसायिक संघाचा हक्क लागला होता. तरी तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेला. त्या काळी कॉलेजात जाणं म्हणजे मोठी हॉकी सोडल्यासारखंच मानत. 1969 ला पदवी घेतली, मग मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कायद्याला बसला आणि खेळतही राहिला. 1971 च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलने त्याला मुख्य संघात बोलावलं. साखळीतले सहाच सामने खेळला, सहाही जिंकला. आणि प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, समोर कोण, तर बोस्टन. बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटोचा, गतविजेता संघ. सात सामन्यांत त्यांना घरी पाठवलं, कप जिंकला, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नवख्या खेळाडूचा पुरस्कार मात्र पुढच्या वर्षी मिळाला!

1973 मध्ये पुन्हा कप जिंकला. तेव्हा जगात त्याच्या तोडीचा गोलकीपर कुणी नव्हता. करारावरून क्लबशी पटलं नाही आणि त्याने अख्खा हंगाम सोडला. टोरांटोच्या एका वकिलाच्या ऑफिसात उमेदवारीला बसला. हॉकीतल्या पैशांपुढे ती कमाई काहीच नव्हती. लोकांनी त्याला वेडा म्हटलं. त्या वर्षी मॉन्ट्रियल प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर गेलं. पुढच्या वर्षी तो परत आला. गेला स्वतःच्या पायांनी, आला स्वतःच्या पायांनी. आणि 1976 पासून सलग चार कप जिंकून 1979 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कायमचा गेला. गुडघा गेला नव्हता, नजर गेली नव्हती, कुणी काढलं नव्हतं.

आता ऑर बघ. त्याच्याइतका चांगला खेळाडू मी पाहिला नाही. पण गुडघ्यांनी त्याला सोडलं. शिकागोकडून तीन हंगामांत मिळून 26 सामने, आणि 1978 मध्ये, तिशीत, संपलं. त्याचा दोष काडीचा नाही. तुझे गुडघे धड आहेत म्हणून सांगतोय, निवडायची सोय सगळ्यांना मिळत नाही. तुला मिळालीय, आणि तू ती फोनवर माझ्या हातात देतोस?

रागावू नकोस. माझी गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. मी खडकीत हॉकी 'अभ्यासासाठी' सोडली असं तुझ्या आईला वाटतं. खरं ते वेगळंच. विद्यापीठाच्या संघाची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. मी सायकल वळवली आणि पुन्हा मैदानावर गेलोच नाही. एका कागदाने मला बाहेर काढलं, आणि पन्नास वर्षं मी तो माझा निर्णय म्हणून सांगत आलो. नोकरीतही तेच. एकाच कंपनीत अठ्ठावीस वर्षं. शेवटची दहा मला नको होती, तरी बसून राहिलो. एका गुरुवारी दुपारी जेवून जागेवर आलो तर टेबलावर रिकामा खोका ठेवलेला. तो खोका अजून तळघरात आहे. तुझे लहानपणीचे स्केट्स त्यातच ठेवलेत.

आई म्हणते, मीच तुला या नादाला लावलं. लावलं. पाच वर्षांचा होतास, मी नाड्या आवळून दिल्या आणि बर्फावर सोडलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, तिला सांगितलं तरी चालेल. पण माझं राहिलेलं तू पूर्ण करावंस म्हणून नाही नेलं. असं मी स्वतःला बजावत आलोय, आणि आज सोडतोस म्हणालास तरी माझा शब्द तोच राहील. हे लिहिताना हात थांबला, खोटं बोलणार नाही. पण शब्द तोच.

तू हुशार आहेस, विचारशील की ड्रायडनला राजकारणातून लोकांनीच घालवलं ना? घालवलं. कॅनडात मंत्री असताना त्याने दहाही प्रांतांशी पाळणाघरांचे करार केले, पुढच्या सरकारने ते मोडले. 2011 मध्ये तो निवडणूक हरला. मग मॅकगिलमध्ये शिकवायला लागला, डोक्याला मार बसून उद्ध्वस्त होणाऱ्या खेळाडूंसाठी लिहीत राहिला. दुसरीकडे उभं राहायला जागा होती म्हणून. ती जागा त्याने कॉर्नेल आणि मॅकगिलमध्ये केली होती, तुझ्याच वयात, पॅड न काढता. गेल्या सप्टेंबरात, 2025 मध्ये, तो गेला. मी दिवसभर कुणाशी बोललो नाही.

तुझं सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्याला अमेरिकन कॉलेजची हॉकी बंद होती, ती 2025 पासून खुली झाली. कोच सांगतो तेवढेच रस्ते नाहीत. दोन अर्धवट राहिलेले विषय आहेत, ते मात्र पूर्ण कर, खेळ किंवा सोड. त्यावर वाद नको.

आणि हो, सोडायचं ठरलं तर कोचला तू स्वतः भेट. मेसेज पाठवू नकोस, आईला फोन करायला लावू नकोस. पॅड घालून सरावाला जा, पूर्ण सराव कर, मग सांग. राहायचं ठरलं तरी तसंच.

शनिवारी सकाळी सहाला मी रिंकवर आहे. लहान मुलांचा वर्ग आठला सुरू होतो, तोवर बर्फ रिकामा असतो. स्केट्स घेऊन ये. मी विचारणार नाही.

तुझा,
काका