तेजोमेघ की अभ्रिका?

प्रश्न असा आला आहे: ‘नेब्युलाला मराठीत तेजोमेघ म्हणावे, निहारिका म्हणावे की अभ्रिका? आणि तिच्या प्रकारांची नावे काय?’

अभ्रिका म्हणावे. नेब्युला म्हणजे ताऱ्यांमधल्या पोकळीतला वायूचा आणि धुळीचा ढग. तेजोमेघ कानाला भारदस्त लागतो खरा, पण परवा एका व्याख्यानात पुन्हा ‘कृष्ण तेजोमेघ’ ऐकला आणि राहवले नाही. अहो, जो मागचा उजेड अडवतो म्हणूनच आपल्या लक्षात येतो, तो तेजोमेघ कसा? मृगातली अश्वशीर्ष अभ्रिका बघा. मागे हायड्रोजन तांबूस चमकतो आणि त्यावर धुळीचे काळेभोर घोड्याचे डोके उमटते. तेज आहे ते मागच्या वायूचे, डोक्याचे नव्हे. ‘कृष्ण अभ्रिका’ म्हटले की शब्द कुठे अडत नाही.

निहारिका हिंदीत रुळलेला आहे. नीहार म्हणजे धुके. अमरकोशात तो तुषार, तुहिन, हिम यांच्या पंक्तीत येतो, आणि तिथे ‘नी’ दीर्घ आहे. त्याचा हिंदीतल्या ‘निहारना’शी, म्हणजे आपल्या न्याहाळण्याशी, काही संबंध नाही. तरीही हौशी मंडळी तो जोडत राहतात.

आता अभ्र. निरभ्र, अभ्राच्छादित हे शब्द आपण रोज वापरतो. ‘अपो बिभर्ति’, पाणी धरते ते अभ्र, अशी व्युत्पत्ती पंडित देतात. ती मागाहून जुळवलेली आहे. अभ्राच्या नात्यातल्या नभाच्या बाबतीत वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्कांनीही ‘न न भाति’, म्हणजे प्रकाशत नाही असे नाही, अशी एक फोड सुचवली आहे. यास्कांबद्दल आदर आहे, पण ही फोड मला मुळीच पटत नाही. नभस् म्हणजे आधी ढग आणि धुके. आकाश हा अर्थ नंतर पक्का झाला. पुरावा पंचांगात आहे: श्रावणाचे जुने नाव नभस्, भाद्रपदाचे नभस्य. भर पावसाचे महिने ते! ग्रीकमध्ये ढगाला नेफोस, लॅटिनमध्ये धुक्याला नेब्युला. एकाच धातूची ही लेकरे. अभ्रही त्याच घरातले: धातूतला सुरुवातीचा ‘न’ क्षीण झाला आणि त्याच्या जागी ‘अ’ उरला. लॅटिनमधला पावसाच्या सरीचा ‘इंबर’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे नेब्युलाला अभ्रिका म्हणताना आपण परक्या शब्दाला प्रतिशब्द देत नाही, त्याच्याच रक्ताचे नाव देतो. ज्याने हा शब्द घडवला त्याला हे नाते ठाऊक असणार, असे मी धरूनच चालतो. त्यात शेवटचा ‘इका’ लहानपण दाखवणारा. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली साधी दुर्बीण लावा: करड्या धुक्याचा इवलासा पुंजका दिसतो. अभ्रिका, दुसरे काय!

प्रकार राहिलेच. नवजात ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी वायू स्वतः चमकतो ती उत्सर्जन अभ्रिका. मृगातली ही त्यातलीच. शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश धुळीवरून उधळतो ती परावर्तन अभ्रिका. कृत्तिकांभोवतीची निळसर झाक तशी. ‘ग्रहीय अभ्रिका’ मात्र टाळा. ग्रहांचा तिथे काडीचा संबंध नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला अठराव्या शतकात त्या ग्रहासारख्या तबकड्या दिसल्या आणि चुकीचे नाव चिकटले. मरू घातलेल्या ताऱ्याने सोडलेले ते वायूचे आवरण असते. मराठीत ‘बिंबाभ्रिका’ हा शब्द आहे, दिसते तेवढेच सांगणारा. तो सोडून इंग्रजीची चूक उचलायची कशाला?

तीच गत ‘कर्क तेजोमेघा’ची. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, हे अवशेष आहेत वृषभ राशीत, आणि नाव ऐकून लोक शोधतात कर्क राशीत! खेकडा अभ्रिका म्हणा. देवयानीला (अँड्रोमेडाला) तर अभ्रिकाही म्हणू नका. १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला तिच्यात रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा सापडला, त्यावरून तिचे प्रचंड अंतर कळले, आणि तेव्हापासून ती दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा स्वतंत्र समूह, आहे.