न विचारता डायचा सेट घेण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. बायकोला हॅण्डमेड कार्डांचा नाद, घरी डाय-कटिंगचं मशीन, चाळिसावा वाढदिवस दोन महिन्यांवर, आणि त्यासाठी मोठ्या फ्रेम-डायचा सेट आत्ताच गुपचूप मागवून कपाटात दडवायचा बेत. वर शेवटची ओळ: ‘तिला विचारलं तर सरप्राइज राहणार नाही.’ सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच म्हणालो होतो, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आधीच सांगतो, मी स्वतः कार्डं करत नाही. बायको करते, चौदा वर्षं झाली. माझं काम कातरण उचलणं, पाकिटांवर पत्ते लिहिणं आणि ‘यातलं कुठलं बरं दिसतं?’ला उत्तर देणं. त्यामुळे तंत्रातलं काही चुकलं तर इथल्या जाणकारांनी कान धरावा. नवख्यांसाठी एवढंच: डाय म्हणजे धारदार कडेचा धातूचा साचा, तो कागदावर ठेवून दोन प्लेटांमध्ये दाबला की मशीन त्या आकारात कागद कापतं; आणि जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तुमच्या घरी हे रोज कानावर पडत असणार.

तर माझी चूक. लग्नाच्या वाढदिवसाला द्यायला एकात एक बसणाऱ्या नऊ चौकटींचा सेट पाहिला. कडा लाटांसारख्या, सगळ्यात मोठी चौकट जवळजवळ ए-फोरएवढी. तेवढी अक्कल होती की मशीनमध्ये बसेल का हे बघावं. ती झोपल्यावर टेप घेऊन मशीन मोजलं. ३२ सेंमी भरलं. चौकट त्याहून कितीतरी लहान. खूश होऊन ऑर्डर टाकली.

मी मोजलं होतं मशीनचं अंग, बाजूच्या हँडलसकट. कागद आणि प्लेटा ज्या फटीतून जातात ते तोंड होतं जेमतेम १५ सेंमीचं. घरगुती मशीनं तोंडाच्या रुंदीवरून ओळखली जातात: अगदी लहान ७-८ सेंमीची, सर्रास दिसणारी १५ची, आणि ए-फोर कागद उभा जाईल अशी २२च्या आसपासची. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती. नऊपैकी तीनच चौकटी आत जात होत्या. उरलेल्या सहा लांबीने घाला, आडव्या घाला, तिरक्या घाला, जाणार नाहीतच.

पण हे मला लगेच कळलं नाही, आणि गोष्टीतला लाजिरवाणा भाग तोच आहे. तिने पाकीट उघडलं, ‘अगं बाई, केवढा मोठा सेट!’ म्हणाली, आणि तो टेबलाच्या खणात गेला. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस. मला जे कार्ड मिळालं त्यावर तीच मोठी लाटांची चौकट होती. मी म्हणालो, ‘बघ, आला की नाही सेट उपयोगाला? मशीनने काय सफाईदार कापलंय!’ ती ‘हो ना’ म्हणाली. नंतर आठवडाभराने खोडरबर शोधताना खण उघडला, तर त्या डायच्या आतल्या कडेला पेन्सिलीचे काळे डाग. डाय कागदावर ठेवून तिने पेन्सिलीने कड गिरवली होती आणि प्रत्येक लाट ब्लेडने हाताने कापली होती. तीन संध्याकाळी लागल्या, असं तिच्याकडून नंतर कळलं. मला वाईट वाटू नये म्हणून.

मग मी सेट परत करायला निघालो. परत करायची मुदत ३० दिवस. मी दोन महिने आधी मागवून लपवलेला, त्यावर आणखी महिना गेलेला. तुमचा बेत हाच आहे ना? म्हणून हा परिच्छेद नीट वाचा. मदतकक्षातल्या पहिल्या माणसाने फोटो मागितले. पाठवले. दुसऱ्याने विचारलं, वस्तू सदोष आहे का? नाही, मोठी आहे. तिसरी म्हणाली, मापं वर्णनात दिलेली आहेत. दिलेली होती, खरंच होती, ‘आणखी वाचा’वर टिचकी मारल्यावर सगळ्यात खाली आणि तीही इंचांत. चौथ्याने फोटो पुन्हा मागितले, या वेळी डायशेजारी पट्टी ठेवून. प्रत्येक वेळी माणूस नवा आणि मी ‘माझ्या बायकोला कार्डं बनवायची आवड आहे’पासून सुरुवात करणार. शेवटी ‘सद्भावना म्हणून’ एक कूपन आलं, महिनाभर चालणारं. वापरायला गेलो तर कापण्याच्या साहित्यावर ते लागू नाही! दुकानाचं नाव विचारू नका, लिहिणार नाही. ती माणसं समोरचा कागद वाचत होती, त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याने तो कागद लिहिला त्याच्यावर मात्र अजून आहे. असो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझं ठाम मत झालंय, पटलं तर घ्या: कार्डं करणाऱ्या माणसाला अवजार भेट देऊ नये, त्याने स्वतः नाव, माप, मॉडेल लिहून दिलं असेल तरच द्यावं. जे संपतं ते द्यावं. अवजारं त्यांची ते निवडतात, त्यात त्यांचा हात बसलेला असतो. संपणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मात्र ही मंडळी कमालीची चिकट असतात. आमच्याकडे महागड्या डायवर हसतहसत खर्च होतो आणि मशीनच्या कापायच्या प्लेटा चार वर्षं बदलल्या जात नाहीत. वरच्या-खालच्या प्लेटांवर इतके चरे की कागद अर्धवट कापला जायचा, आणि दर वेळी उलटसुलट करूनही त्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. गेल्या वर्षी मी नव्या प्लेटांची जोडी दिली. मशीनचं नेमकं मॉडेल बघून, कारण प्रत्येकाच्या प्लेटांची जाडी वेगळी आणि थर रचायचा क्रमही वेगळा. त्या भेटीला जो आनंद मिळाला तो नऊ चौकटींना मिळाला नव्हता.

म्हणून आधी चार दिवस तिच्या टेबलाभोवती काही ना काही निमित्ताने वावरा, आणि कचऱ्याच्या डब्यात डोकवा. डबल टेपची रिकामी रिळं किती आहेत, गोंदाची बाटली उलटी उभी करून ठेवलीय का, फोम टेपचे तुकडे कोपरे वाचवून कापलेत का. कटिंग मॅटवर जुन्या खोल रेघा असतील तर ब्लेड सरळ जायच्या ऐवजी त्या रेघेत घसरतं. तसं दिसलं तर नवी मॅट द्या, फक्त गुंडाळून पॅक करू नका आणि उन्हात गाडीत ठेवू नका. वाकली की पुन्हा सपाट करणं अवघड. कागद सरळ कापायच्या ट्रिमरची ब्लेडं मॉडेलनुसार वेगळी येतात, जुन्याचा फोटो काढून घ्या.

कागद ही सगळ्यात उत्तम भेट, आणि सगळ्यात जास्त फसवणारीही. कार्डाच्या मुख्य घडीसाठी २५० ते ३०० जीएसएम, वरच्या थरांसाठी त्याहून हलका. पण आकडा जुळला म्हणजे कागद जुळला असं नाही. अल्कोहोल मार्करने रंगवणाऱ्याला गुळगुळीत कागद लागतो, जलरंगवाल्याला जलरंगाचाच. चकचकीत कागदावर ठसे उमटवायच्या स्टॅम्पची शाई लवकर वाळत नाही आणि बोट लागलं की फासते. तिच्या कातरणातला बोटभर तुकडा खिशात घाला आणि दुकानात जाऊन त्याच्याशी ताडून बघा. आणि मोठं बंडल घेण्याआधी एक कागद दोन्ही दिशांनी दुमडून पाहा. कागदातल्या धाग्याच्या दिशेने, म्हणजे जिकडे तो सहज वाकतो तिकडे, घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो आणि वरूनच रंगीत असेल तर आतला पांढरा दिसायला लागतो. आमच्याकडे पन्नास कागद चुकीच्या दिशेने कापून आणले होते. तेही मीच.

रंगीबेरंगी नक्षीच्या पॅडपेक्षा साधा पांढरा जाड कागद घ्या. नक्षी तिच्या आवडीची निघेलच असं नाही, पांढरा मात्र कधी पुरत नाही. इथे बायको म्हणतेय की काळाही लिहा. लिहिला.

पाकिटं! हा विषय कोणी काढतच नाही. कार्डं ढीगभर तयार होतात आणि मापाची पाकिटं नाहीत म्हणून खणात पडून राहतात. ए-फोर अर्धा कापून दुमडला की ए-सिक्स कार्ड होतं, १०५ × १४८ मिमी, आणि त्याला सी-सिक्स पाकीट लागतं, ११४ × १६२. पण अमेरिकी पद्धतीची कार्डं करत असेल तर सावध राहा. त्यांच्याकडे ‘ए-टू’ हे छोट्या कार्डाचं नाव आहे, साडेपाच बाय सव्वाचार इंचांचं, आणि आपल्या ओळखीचा ए-टू कागद म्हणजे भिंतीवर लावायच्या चित्राएवढा. त्यांच्या ए-टू पाकिटाची लांबी साधारण १४६ मिमी. म्हणजे ए-सिक्स कार्ड दोन मिलिमीटरसाठी आत जात नाही. दोन मिलिमीटर! तिचं एक तयार कार्ड मोजा आणि मगच पाकिटं मागवा. फोम टेप लावून उंच केलेली, फुलं चिकटवलेली कार्डं असतील तर त्यांना बाजूला पट्टी असलेली खोकेवजा पाकिटं हवीत. पाकिटांसोबत टपालाची तिकिटंही द्या. जाड कार्ड वजनात भरतं, आणि तिकीट कमी पडलं म्हणून परत आलेलं कार्ड बघून ती दोन दिवस बोलत नाही.

शाया आणि स्टॅम्प यांच्या वाटेला जाऊ नका. शाईत इतके प्रकार आहेत की चुकीची निवड म्हणजे आणखी एक डब्बा खणात. तापवल्यावर वितळून नक्षी उठावदार करणारी एम्बॉसिंगची पावडर चिकटायला सावकाश वाळणारी शाई लागते. मार्करने रंगवायचं तर बाहेरच्या रेघेची शाई अल्कोहोलने न विरघळणारी हवी, नाहीतर चित्रातल्या चेहऱ्यावर काळा ओघळ येतो. जलरंगासाठी पाण्याने न पसरणारी. एकच शाई हे सगळं करेलच असं नाही, आणि डबीवरचं बारीक अक्षर वाचून आपल्याला काही उमगत नाही. स्टॅम्पचं म्हणाल तर शुभेच्छेचे शब्द ही तिची खासगी बाब आहे.

एक अपवाद करतो. कार्डाच्या मागे उमटवायचा तिच्या नावाचा छोटा शिक्का मी करून दिला होता, देवनागरीत, तिच्याच हस्ताक्षरात. तो रोज वापरात आहे. फक्त अक्षर बारीक ठेवू नका. आमच्या पहिल्या शिक्क्यात वेलांटीच्या पोटात शाई भरायची आणि नाव काळ्या ठिपक्यासारखं दिसायचं. दुसरा थोडा मोठा केला, मग जमलं. आणि बनवणाऱ्याला मजकूर तोंडी सांगू नका, लिहून द्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक रबरात एकदा कोरली की कोरली.

अवजारांजवळ जाणारी पण धोका नसलेली एक वस्तू म्हणजे टेबलावरचा दिवा. पिवळ्या बल्बखाली जुळवलेले रंग सकाळी भलतेच निघतात. दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, ५००० ते ६५०० केल्विनचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर असलेला घ्या. मान वळणारा असावा.

तयार किट मात्र कृपा करून नको. नव्याने शिकणाऱ्याला ठीक आहे. जी बाई स्वतः रचना करते तिच्या हातात ‘इथे फूल चिकटवा’ असं लिहिलेला डबा देणं म्हणजे गाणाऱ्याला शिट्टी देण्यासारखं आहे. मार्कर उभे ठेवायचा सुंदर लाकडी स्टँडही नको. दोन्ही टोकांना निब असलेले अल्कोहोल मार्कर आडवे ठेवायचे असतात, उभे ठेवले की वरचं टोक कोरडं पडतं. गिफ्ट व्हाउचरबद्दल माझं मत त्या कूपनानंतर इतकं वाईट आहे की मी सांगत नाही. बायको म्हणते तिला चाललं असतं. तुम्ही ठरवा.

आणि सरप्राइजचं एवढं असेल तर कागद कुठल्या रंगाच्या फितीत बांधलाय ते सरप्राइज ठेवा. तिला सरळ विचारा, ‘तुझ्या विशलिस्टमध्ये काय आहे?’ या मंडळींकडे यादी असतेच, मापांसकट. विचारवतच नसेल तर एक रविवार तिला कार्डांसाठी मोकळा द्या: मुलांना आणि फोनला घेऊन घराबाहेर जा, संध्याकाळी परत या. हे मी दरवर्षी करतो आणि अजून कोणी परत केलेलं नाही.

तेव्हा आज रात्री मशीनचं तोंड मोजा. तोंड, अंग नव्हे. प्लेट आत जाते तिथे आडवी पट्टी धरा आणि आकडा इथेच लिहा. २२च्या आसपास निघाला तर कळवा, आमच्याकडे मोठ्या चौकटी पडून आहेत, तुम्हाला पाठवून देतो. पाच आहेत. सहावी, पेन्सिलीचे डाग असलेली, ती द्यायला तयार नाही.